मामांच्या शिकारीची पूर्वतयारी

मॅडिसन, विस्कॉन्सिन
डिसेंबरचा पहिला आठवडा

तीर्थरूप बाबा आणि आई,

मामांचा निरोप पोचला. मी हरणाच्या शिकारीला जाऊ लागलो हे आईनं त्यांना सांगितलं, त्यांनी काली पुतली चौकात सांगितलं, आणि आता निम्म्या बालाघाटाला वाटतंय की पोरगा कॉम्प्युटर सोडून जंगलात राहायला गेला. मामा म्हणतात, मे महिन्यात येतोय, शिकारीची तयारी काय करू? म्हणून हे पत्र मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. त्यांना सावकाश वाचून दाखवा. फक्त शेजारचे वनखात्यातले नाकेदार ओट्यावर बसलेले असतील तेव्हा मोठ्यानं वाचू नका. ‘हरीण’ आणि ‘बंदूक’ एवढं ऐकल्यावर ‘अमेरिका’ ऐकायला ते थांबायचे नाहीत.

पहिली गोष्ट, मे महिन्यात इथं हरीण मारता येत नाही. बंदुकीचा मुख्य हंगाम नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो आणि नऊ दिवसांत संपतो. त्या नऊ दिवसांत पाच लाखांहून जास्त माणसं बंदूक घेऊन रानात शिरतात. शाळेचे मास्तर, दंतवैद्य, चर्चचे पाद्री, सगळे. ऑफिसात तेव्हा कोणाला फोन करू नये. उचललाच तर माणूस कुजबुजत बोलतो.

दुसरी गोष्ट, कागदपत्रं. मामांची समजूत अशी की अमेरिकेत बंदूक खांद्यावर टाकली की झालं. तसं नाही. १ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्याला आधी शिकारीचा कोर्स करून परीक्षा द्यावी लागते. मामांचा जन्म त्याआधीचा, म्हणून ते सुटले. बाबा, ही सवलत त्यांना सांगू नका, लगेच कॉलर ताठ करतील. कोर्स केला नसेल तर जाणत्या शिकाऱ्याबरोबर जाता येतं, पण तो जाणता हाताच्या अंतरावर हवा. माझं पहिलं वर्ष असंच गेलं. शेजारचे शेतकरी आजोबा दिवसभर मला चिकटून बसले होते. इथल्या रहिवाशाला पहिल्या खेपेचा परवाना ५ डॉलरला मिळतो, पाहुण्यांना मात्र बराच महाग पडतो. आणि कायद्याची गंमत बघा. पर्यटक व्हिसावरच्या माणसाला या देशात बंदूक बाळगायला मनाई आहे, पण त्याच्याकडे शिकारीचा परवाना असेल तर चालतं.

तिसरी गोष्ट, कपडे. मामांनी त्यांच्या आजोबांचा खाकी कोट पेटीतून काढल्याचं कळलं. तो परत पेटीत ठेवायला सांगा. हंगामात कमरेच्या वरचे निम्मे तरी कपडे झगझगीत भगवे (किंवा झगझगीत गुलाबी) असायला हवेत, टोपीसुद्धा. पहाटे रस्त्याकडेला गाड्या लावून सगळे भगव्या कपड्यांत उतरले की कुंभमेळ्याला आल्यासारखं वाटतं. हरणाला तो रंग भगवा दिसतच नाही. माणसानं माणसाला गोळी घालू नये म्हणून ही व्यवस्था. हरणाला निळं मात्र चांगलं दिसतं. म्हणून कपडे चमकवणारी पावडर नको आणि नीळ तर मुळीच नको. आईनं मामांच्या सदऱ्यांना निळीत बुचकळून पाठवलं, तर ते फक्त हरणांच्या स्वागतासाठी उपयोगी पडतील.

चौथी गोष्ट, वास. हरणाचं नाक माणसाच्या नाकापेक्षा कितीतरी पटींनी तल्लख असतं. वारा कायम आपल्या तोंडावर यायला हवा. पाठीमागून आला की हरणाला आपली सगळी खबर मिळाली समजा. तुमच्या सुनेनं हिंग-मोहरीची फोडणी दिली की माझं जॅकेट आधी गॅरेजात पळतं. शिकारीच्या आठवड्यात घरात धूप नाही, अत्तर नाही, केसांना तेल नाही. मामांचा जर्दा तर सीमेपलीकडच्या मिनेसोटातल्या हरणांनाही कळेल.

पाचवी गोष्ट, मचाण. इथंही झाडावर मचाण बांधतात, पण त्यावर चढताना खांदे, छाती आणि मांड्यांभोवती बसणारा हार्नेस घालतात आणि तो झाडाला बांधतात. दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन कायम टेकलेले हवेत. बंदूक कधीही हातात घेऊन चढायचं नाही. ती रिकामी करून दोरीला बांधायची, आपण वर पोचायचं आणि मग ती ओढून घ्यायची. इथल्या शिकाऱ्यांत गोळी लागण्याइतकीच भीती मचाणावरून पडण्याची असते.

मग बसायचं. गोळी झाडायची मुभा सूर्योदयाच्या ३० मिनिटं आधीपासून सूर्यास्तानंतर २० मिनिटांपर्यंत, आणि हा मुहूर्त सरकारी पुस्तकात तारखेवार छापलेला असतो. अंधारात येऊन बसायचं आणि हलायचं नाही. बंदूक नेहमी भरलेलीच आहे असं समजायचं, नळी कोणाकडे रोखायची नाही, घोड्यावर बोट आयत्या वेळीच ठेवायचं. आवाजावर गोळी नाही, पळत्या जनावरावर नाही. हरणाच्या पलीकडे काय आहे हे दिसल्याशिवाय तर नाहीच. नेम पुढच्या पायाच्या जरा मागे, जिथं हृदय आणि फुप्फुस असतं. गोळी लागली तरी लगेच मागं धावायचं नाही. अर्धा तास थांबायचं, मग रक्ताचा माग काढत जायचं. घाई केली तर जखमी जनावर दोन मैल पळतं आणि हाती काही लागत नाही.

शिकार झाली म्हणजे काम संपलं असं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत फोनवर किंवा कॉम्प्युटरवर हरणाची नोंद करावी लागते. आपल्याकडे माणसाच्या मृत्यूचा दाखलाही इतक्या घाईत कोणी काढत नाही. त्यात २००२ पासून इथल्या हरणांत मेंदूचा एक असाध्य रोग सापडू लागलाय. म्हणून गावोगावी पेट्या ठेवल्यात. हरणाचं मुंडकं, खाली थोडी मान ठेवून, पिशवीत घालायचं, चिठ्ठी लावायची आणि त्या पेटीत टाकून यायचं. तपासणी फुकट. निकाल येईपर्यंत मांस फ्रीजरमध्ये. आजोबांनी मला पहिल्यांदा पेटी उघडून दाखवली तेव्हा आत शिंगांची इतकी गर्दी होती की आमच्या मुंडक्याला कशीबशी जागा मिळाली.

मांसाबद्दल आईसाठी लिहितो. हरणाला चरबी नावालाच असते, त्यामुळे मटणासारखं शिजवलं की वातड होतं. मांसावरचं पांढरं चिवट पापुद्र्याचं आवरण आधी सोलून काढायचं. पाठीच्या कण्यालगतचा मऊ भाग तव्यावर दोन-दोन मिनिटं परतला की झाला. मान आणि नळ्या मात्र मंद आचेवर तासन्‌तास. तुमची सून त्यांचा सावजी रस्सा करते, वर तेलाची तरी सोडते. आजोबा दोन वाट्या प्यायले, मग त्यांनी खिडकी उघडायला सांगितली.

आता मामांचा खरा प्रश्न. तिकडे चालतं तर आपल्याकडे का नाही? कान्हाचं राष्ट्रीय उद्यान आपल्या जिल्ह्यातही पसरलंय आणि त्याचं मुक्कीचं गेट तर आपल्याच हद्दीत. त्या कान्हात १९७० साली बारशिंगे उरले होते ६६. शंभरसुद्धा नाहीत! मामांचे आजोबा आणि त्यांच्यासारख्या साहेबलोकांच्या पिढ्या ज्याची मजा घेत होत्या, त्याचा हा शेवटचा हिशेब. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद झाली, कुरणातली गावं हलवली, कुंपणात बारशिंगे वाढवले. आज ते हजाराच्या आसपास पोचलेत आणि मध्य प्रदेशाचा राज्यप्राणी म्हणून मिरवतात.

इथं गणित उलटं आहे. विस्कॉन्सिनच्या लोकांनी १९६० च्या सुमारास लांडगे जवळजवळ संपवले. पुढे उत्तरेतल्या जंगलात ते परतले, पण दक्षिणेत हरणाला विचारणारं कोणी नाही. वर मक्याची आणि सोयाबीनची शेतं चरायला मोकळी. त्यामुळे हरणं झाली पंधरा लाखांच्या वर, आणि दरवर्षी पंधरा हजारांहून जास्त गाड्यांखाली येतात. तिकडे वाघ कामावर आहे. इथं लांडग्याची जागा रिकामी पडली म्हणून माणसांची हंगामी भरती होते. शिवाय १९३७ च्या कायद्यानं रायफली आणि काडतुसांवरचा ११ टक्के कर वन्यजीव खात्यांकडे जातो. शिकारी गोळी झाडतो तेव्हा सरकारलाही पैसे मिळतात. नाकेदारांना एवढा परिच्छेद वाचून दाखवायला हरकत नाही.

मामा मे महिन्यात येणार म्हणजे त्यांच्या नशिबात मासे आहेत. आपल्याकडे १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद, कारण रोहू-कतला पावसात अंडी घालतात. इथला वॉलआय नावाचा चांगला मासा एप्रिलमध्ये अंडी घालतो, म्हणून हंगाम मेच्या पहिल्या शनिवारी उघडतो. परवाना लागतो, सोळा वर्षांखालच्या पोरांना माफ. तुमचा नातू त्यामुळे घरातला एकमेव कायदेशीर फुकट्या आहे. एका माणसाला तीनपेक्षा जास्त गळ लावता येत नाहीत.

गांडुळं खणायची गरज नाही. पेट्रोल पंपावरच्या फ्रिजमध्ये, दुधाच्या शेजारी, झाकणाच्या डब्यात डझनानं मिळतात. आपल्या फ्रिजमध्ये ठेवताना मात्र तुमच्या सुनेला सांगून ठेवायचं. सुरुवातीला ब्लूगिल धरायचा. तळहाताएवढा असतो, पण तळल्यावर गोड लागतो. त्याचं तोंड लहान, म्हणून गळ बारीक हवा आणि त्यावर गांडुळाचा इवलासा तुकडा. अख्खं गांडूळ लावलं की तो शेपटीकडून कुरतडून जातो आणि तरंगणारं बोंड नुसतं नाचत राहतं. मे-जूनमध्ये हे मासे काठालगतच्या उथळ पाण्यात येतात, ऊन वाढलं की खोल जातात. वॉलआयसाठी दिवस मावळताना बसायचं, त्याला अंधुक उजेडात आपल्यापेक्षा चांगलं दिसतं. मासा सोडायचा असेल तर हात आधी ओला करायचा, नाहीतर त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. आणि तळ्यावरून निघताना बादलीतलं, होडीतलं पाणी तिथंच ओतायचं. एका तळ्याची कीड दुसऱ्या तळ्यात जाऊ नये म्हणून हा नियम आहे, आणि तो मोडला की दंड.

थंडीत आमचं मेंडोटा तळं गोठतं. चार इंच बर्फ झाला की लोक वर चालत जातात, गिरमिटानं भोक पाडतात आणि स्टूल टाकून बसतात. मामांना ते बघायला मिळणार नाही, तेवढं बरंच.

मामांना खूश करणारी एक बातमी शेवटी. इथल्या तळ्यांत कार्प भरपूर आहे. आपल्या रोहूच्या कुळातला, चांगला पाच-सात किलोचा. आणि हे लोक तो खात नाहीत! काटे फार म्हणून धरतात आणि खतात टाकतात. दोन्ही बाजूंना दाट चिरा मारून कडक तेलात तळला की बारीक काटे विरघळतात, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नाही. मी शेजाऱ्यांना सांगून ठेवलंय, कार्प लागला तर फेकू नका, मला द्या. तेव्हापासून ते माझी तब्येत जरा जास्तच आस्थेनं विचारतात.

तर बाबा, मामांचा सराव आजपासून सुरू करा. रोज संध्याकाळी त्यांना गांगुलपाऱ्याच्या तळ्यावर न्या, काठावर बसवा आणि दोन तास बोलू देऊ नका. जर्दा नाही, फोन नाही, १९६५ सालच्या वाघाची गोष्ट नाही. हे जमलं तर ते इथल्या कुठल्याही शिकाऱ्याच्या तोडीचे झाले. नाही जमलं तर मामींना पाठवा. त्या चाळीस वर्षं मामांचं बोलणं गप्प बसून ऐकताहेत, त्यांना वेगळा सराव लागणार नाही.

आईला सांगा, गुडघ्याची गोळी चुकवू नकोस. सर्वांना यथायोग्य नमस्कार आणि आशीर्वाद.

तुमचा,
धाकटा

ता. क. मामांनी सामानात चिन्नोर तांदूळ भरायला घेतलाय असं ऐकलं. भरू देऊ नका. खाप्रा नावाच्या किड्याच्या भीतीनं २०२१ पासून भारतातून येणाऱ्या प्रवाशाला तांदूळ आणि हरभरे आणायला इथं बंदी आहे. बंदूक या देशात दुकानात मिळते, आपला तांदूळ मात्र विमानतळावरच काढून घेतात.