पाठ फिरवण्याची जागा

सरकारदरबारी सादर करावयाच्या कोणत्याही अर्जात नाव, वय आणि धंदा यांच्या खाली ‘जवळची ठळक खूण’ असा एक रकाना असतो, आणि मनुष्याच्या पत्त्याचे खरे मर्म त्या रकान्यातच दडलेले असते, असे आमचे फार दिवसांचे निरीक्षण आहे. आमच्या आजोबांच्या काळी हा रकाना ‘पिंपळाचा पार’, ‘दक्षिणमुखी मारुती’ किंवा ‘वैद्यांचा वाडा’ अशा मजकुराने भरत असे. पुढे पिंपळ तोडला गेला, मारुती रस्तारुंदीत मागे सरकला, वाड्याचा टॉवर झाला, आणि खुणेची गादी पेट्रोलपंप व बँकांच्या शाखा यांनी बळकावली. अशा हलाखीच्या काळात मुंबईत नरिमन पॉइंटच्या टोकाला एका राष्ट्रीय कलाकेंद्राने खुणेची चाकरी पत्करून ती इमानेइतबारे चालवली आहे, ही गोष्ट या नगरीच्या रसिकतेस खचितच भूषणावह होय.

‘नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स’ हे त्या केंद्राचे संपूर्ण नाव. ते उच्चारण्याइतकी सवड टॅक्सीत बसताना कोणासच नसल्यामुळे लोकांनी त्यातली चार अक्षरे राखून बाकीचे नाव खालसा केले, आणि ‘एनसीपीए’ म्हणताच टॅक्सीवाला “म्हणजे जिथं रस्ता संपतो तिथंच ना?” असे विचारून मीटर टाकतो. त्याचे म्हणणे भूगोलास धरून आहे. दप्तरी नेताजी सुभाषचंद्र बोस मार्ग आणि लोकांच्या तोंडी मरीन ड्राइव्ह म्हणवणारा तो सुप्रसिद्ध रस्ता येथे येऊन थांबतो. ज्यांना डॉक्टरांनी साखरेचे भय घातले आहे असे शेकडो नागरिक पहाटे गिरगाव चौपाटीकडून निघतात, समुद्र उजव्या हाताला ठेवून झपाझप येतात, आणि कलाकेंद्राशी पोचताक्षणी पाठ फिरवतात. ‘रसिकांनी कलेकडे पाठ फिरवली आहे’ हे वाक्य आजवर आम्ही संमेलनांच्या अध्यक्षीय भाषणांतच ऐकले होते. ते इतक्या नेमाने, इतक्या संख्येने आणि रबरी तळव्यांच्या बुटांनिशी अमलात येताना पाहण्याचा योग मात्र येथेच आला.

वास्तविक या वास्तूचा जन्म याहून उदात्त हेतूने झाला. होमी भाभांचे बंधू जमशेद भाभा यांनी जे. आर. डी. टाटांच्या पाठबळाने १९६९ साली ही संस्था स्थापन केली. मुंबईत कलेसाठी जमीन मिळणे म्हणजे वाळूचे कण रगडण्यापैकीच. म्हणून, ज्या जागेचा सातबारा तोवर बहुधा बोंबील आणि पापलेट यांच्या नावे असावा, तेथे समुद्रात भराव घालून भूमी निर्माण झाली आणि तिच्यावर कलेची प्रतिष्ठापना करण्यात आली. पुढे अमेरिकन वास्तुविशारद फिलिप जॉन्सन यांनी आखलेल्या टाटा थिएटरचे उद्घाटन १९८० साली इंदिरा गांधींच्या हस्ते झाले. जमशेद भाभांच्या नावाचे दुसरे भव्य नाट्यगृह बांधकाम चालू असतानाच आगीत सापडले. तेव्हा वयाची ऐंशी वर्षे ओलांडलेल्या त्या गृहस्थाने, आपल्याकडील रिवाजाप्रमाणे चौकशी समिती नेमून स्वस्थ बसण्याऐवजी, ते सरळ पुन्हा बांधावयास घेतले, आणि १९९९ साली ते उघडलेसुद्धा. पेटिट हॉल या जुन्या पारशी प्रासादातला संगमरवरी जिना तेथे आणून बसवला आहे. पूर्वी त्यावरून एक कुटुंब माडीवर जात असे. आता मध्यंतरात त्यावर उभे राहून अनेक कुटुंबे आपली छायाचित्रे काढवून घेतात, तेव्हा जिन्याची बढतीच झाली असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

टाटा थिएटरची नादव्यवस्था सिरिल हॅरिस या ध्वनितज्ज्ञाने अशी योजली आहे, की सुमारे हजार श्रोत्यांच्या त्या पंख्याच्या आकाराच्या सभागृहात गवयाचा स्वर ध्वनिक्षेपकावाचून शेवटच्या रांगेपर्यंत पोचावा. या योजनेतील एकमेव धोका असा, की नाद गवयाचा कोणता आणि श्रोत्याचा कोणता, हा भेदभाव ध्वनिशास्त्र करीत नाही. एकदा विलंबित ख्यालाची आलापी रंगात आली असता, आमच्यापुढे तिसऱ्या रांगेतील एका बाईंनी शेजारणीस मुलुंडच्या सदनिकेचा भाव इतक्या हलक्या आवाजात सांगितला, आणि तो आम्हांस इतका सुस्पष्ट ऐकू आला, की रागाचे नाव आज स्मरत नसले तरी चौरस फुटाचा दर मुखोद्गत आहे.

आता मराठी मनुष्याविषयी. पु. ल. देशपांडे या संस्थेचे मानद संचालक होते, अशोक रानडे यांच्यासारख्या विद्वानाने येथे संगीताचा आणि रंगभूमीचा व्यासंग केला, ही माहिती आपण पाहुण्यांस अभिमानाने देतो, परंतु “मग आपण जाता का?” असे पाहुण्याने विचारताच आपल्या मुखातून “लांब पडतं हो” हे तीन शब्द आपोआप बाहेर पडतात. आमचे एक डोंबिवलीकर स्नेही गेली बावीस वर्षे नरिमन पॉइंटवरच्या एका कचेरीत नोकरीस आहेत. त्यांच्या खिडकीतून हे केंद्र दिसते, आणि कोणी बाहेरगावचा मनुष्य फोनवर पत्ता विचारू लागला की ते तत्परतेने त्याचीच खूण सांगतात. सायंकाळी सहा वाजता मात्र, पायी पाच मिनिटांवर असलेले ते केंद्र त्यांस एकाएकी लांब पडू लागते, आणि पन्नास किलोमीटरांवरची डोंबिवली जवळ येते. तेव्हा ते शेअर टॅक्सीच्या रांगेत उभे राहतात. सापेक्षतेचा सिद्धांत समजावून देण्यास याहून सुगम दृष्टांत आम्हांस सुचत नाही.

परवा पहाटे आम्ही स्वतः त्या ठिकाणी गेलो. एक वयोवृद्ध गृहस्थ झपाट्याने आले, केंद्राच्या कुंपणभिंतीस त्यांनी देवळाच्या पायरीस लावावा तसा हात लावला, आणि ते वळणार तोच आम्ही त्यांस गाठले.

“काका, कधी आत गेला आहात का?”

“आत कशाला?” ते जागच्या जागी पाय हलवीत म्हणाले. “सतरा वर्षं येतोय मी. या भिंतीला हात लावला नाही, तर ती फेरी मी धरतच नाही.”

“आणि ही इमारत इथे नसतीच तर?”

काका प्रथमच थबकले. त्यांनी भिंतीकडे पाहिले, तिच्यापलीकडे पाहिले, आणि म्हणाले, “नसती तर पुढं समुद्रच आहे की! मग वळायचं कुठून?”

कलेवाचून मनुष्य कोठवर जाईल, या प्रश्नावर सौंदर्यशास्त्रज्ञांनी ग्रंथच्या ग्रंथ खर्ची घातले आहेत. परंतु ‘समुद्रापर्यंत’ असे नेमके उत्तर आजवर कोणी दिल्याचे आमच्या वाचनात नाही. आम्ही निरुत्तर झालो, भिंतीस हात लावला, आणि पाठ फिरवली. कारण एवढे चालून आल्यावर फेरी धरली जाणे अगत्याचे होते.