मिशीवाल्या माशांची भांडणं

"प्राची, ए प्राची! जरा इकडं ये बरं कुंपणापाशी. काम आहे."

शकूमावशींचं काम म्हणजे गप्पा. पण आज हातात दुकानाची पिशवी होती आणि आवाज चढलेला.

"त्या बांगलादेशी दुकानात मांगूर मागितला, तर म्हणतो बंद झाला. बरं, पाबदा दे म्हटलं, तर तोही बंद. टेंगरा बंद. मागच्या खेपेला आले होते तेव्हा फ्रीजर भरून होते की! आता बघावं तर रोहू, कटला, हिलसा, आणि ही पांढरीफटक बासा. हिला ना चव ना ढव."

"मागची खेप म्हणजे कधीची, मावशी?"

"नातू झाला तेव्हाची. आता पाचवीत गेला तो."

"मग बरोबर आहे. मधल्या काळात बरंच रामायण झालंय."

बाल्टिमोर बंदरात येणाऱ्या मालाची कागदपत्रं करणाऱ्या ऑफिसात मी नोकरी करते. त्यामुळं अमेरिकेत येणारा प्रत्येक मासा माझ्या सहीनंच उतरतो, अशी मावशींची पक्की समजूत. भिगवणच्या बाजारात ऐन उमेदीची वर्षं मासे विकलेली बाई. त्यांना अर्धवट सांगून चालत नाही.

"भांडण मुळात मिसिसिपी, अलाबामा, आर्कान्सावाल्यांचं," मी सुरुवात केली. "कापसाच्या रानात तळी खणून त्यांनी कॅटफिश पाळला. आपल्याकडं ऊसवाल्यांचं जसं वजन, तसं तिकडं ह्यांचं. १९९४ला व्हिएतनामवरची व्यापारबंदी उठली आणि मेकाँग नदीवर पाळलेली बासा अन् त्रा यायला लागली. साफ केलेली, काटा काढलेली, वर स्वस्त."

"मग पोटात दुखणारच."

"दुखलंच. २००१-०२मध्ये कायदा करून घेतला. जगात तीन हजारांवर जातींचे मिशीवाले मासे, पण कॅटफिश म्हणायचं फक्त अमेरिकेतल्या एका घराण्याला! २००३मध्ये व्हिएतनामच्या गोठवलेल्या तुकड्यांवर सुमारे ३७ ते ६४ टक्के जादा कर बसवला."

"संपली म्हणायची बासा."

"कुठली संपते! 'स्वाई' म्हणून पुन्हा दुकानात हजर. स्वस्त होती, खपली. त्याच २००३मध्ये अमेरिकेतल्या कारखान्यांत सुमारे ६६ कोटी पौंड कॅटफिश आला होता. तो कळस. पुढच्या दहा वर्षांत तो निम्म्यावर आला. सगळा दोष बासाचा नव्हे हं. मका, सोयाबीन महागलं, खाद्याचा खर्च परवडेना. लोकांनी तळी बुजवून पुन्हा पिकं घेतली."

"खाद्यानंच मरतो माणूस," मावशी म्हणाल्या. हे त्यांनी भिगवणला जवळून पाहिलेलं.

"आता खरी गंमत ऐका. आधी हेच तळीवाले ओरडत होते, बासा कॅटफिश नाहीच. २००८च्या शेतकी कायद्यात म्हणाले, कॅटफिशची तपासणी अन्न-औषधवाल्यांकडून काढून शेती खात्याकडं द्या, मांसासारखी कडक. मग प्रश्न आला, बासा ह्यात धरायची का? हे म्हणाले, धरायचीच! २०१४च्या कायद्यानं तर मिशीवाले यच्चयावत मासे त्यात घातले."

"म्हणजे सोयीपुरती सोयरीक!"

"अगदी. जॉन मॅकेन म्हणून सिनेटर होते. व्हिएतनामच्या कैदेत वर्षानुवर्षं पिचलेला माणूस, पण ह्या तपासणीवर तुटून पडला. सरळ म्हणायचा, हा पैशाचा चुराडा आहे. सरकारचे हिशेब तपासनीसही तेच सांगत होते, एकाच कामाला दोन खाती कशाला? २०१६मध्ये सिनेटनं ५५ विरुद्ध ४३ मतांनी ती रद्द करायचं ठरवलं. खालच्या सभागृहानं विषयच घेतला नाही."

"आणि माझा मांगूर?"

"तेच सांगतेय. कडक तपासणीत ज्या देशांची व्यवस्था अमेरिकेला पसंत पडली, त्यांचाच मिशीवाला मासा आत येतो. चीन, व्हिएतनाम, थायलंड. भारत, बांगलादेश, म्यानमार त्या यादीत नाहीत. २०१७च्या सप्टेंबरपासून अंमलबजावणी पूर्ण झाली. कुठल्या दुकानात चोरून आलेला पाबदा सापडला, तर तो परत मागवल्याचं जाहीर करतात."

"सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात ते हेच बघ. भांडण बासाचं, आणि बासा मजेत फ्रीजरमध्ये बसलीय!"

मलाही खरं तर हेच वाटतं. चिनी माशांत बंदी असलेली औषधं सापडली म्हणून २००७मध्ये सरकारनं माल अडवला होता. तेव्हा तपासणी नकोच, असं कोण म्हणेल? पण तपासणी हवी म्हणणारे आणि बाजार हवा म्हणणारे तेच असले, की कागद वाचताना भुवया वर जातात.

"रोहू कशी येते मग?"

"तिला खवलं आहेत. तिची तपासणी जुन्याच खात्याकडं. चिलापीचंही तेच."

"चिलापी? इथं?" मावशींनी कुंपणावरून मान पुढं काढली.

"टिलापिया म्हणतात ना, ती! तिची तर एके काळी लाट होती. चीनमधून गोठवून कंटेनरच्या कंटेनर यायचे. २०१२च्या सुमारास कळस झाला, मग उतरण लागली. २०१८मध्ये चिनी मालावर १० टक्के जादा कर बसला, पुढच्या वर्षी २५. ताजी मात्र कोलंबिया, होंडुरासकडून मायामीला विमानानं येते."

"अगं बाई! उजनीची चिलापी गरिबाचं कालवण. आणि इथं विमानात बसते?"

मावशींनी पिशवीतून बासाचं फोडलेलं पाकीट काढलं. "हे बघ. रात्री पातेल्यात ठेवलं. सकाळी पातेलं पाण्यानं भरलेलं आणि तुकडा एवढासा."

"वरचा बर्फाचा थर वजनात धरायचा नाही, असा नियम आहे. पण मासा आधी फॉस्फेटच्या पाण्यात बुडवतात, तो पाणी धरून ठेवतो. बारीक अक्षरात लिहिलंय बघा."

"चष्मा नाही. पण पाण्याचे पैसे घेतले एवढं कळलं. मरळ तरी मिळते का इथं?"

"मरळीचं नाव काढू नका! इथल्याच क्रॉफ्टनच्या तळ्यात २००२मध्ये सापडली. एकानं आजारी बहिणीच्या सूपासाठी न्यूयॉर्कहून जिवंत जोडी आणली होती. बहीण आधीच बरी झाली, ह्यानं जोडी तळ्यात सोडली. शेकडो पिल्लं झाली. अख्ख्या तळ्यात विष घातलं सरकारनं. त्या ऑक्टोबरपासून जिवंत मरळ देशात आणायला बंदी. तरी २००४मध्ये पोटोमॅक नदीत निघालीच. आता इतकी झालीय, की लोकांनी खावी म्हणून मेरीलँडनं २०२४मध्ये तिचं बारसं केलं, 'चेसापीक चन्ना'. कितीही धरा, मर्यादा नाही. फक्त जिवंत बाळगायची नाही."

"कितीही?"

"कितीही."

"आणि हे तू मला आत्ता सांगतेस! मी आपली बासाचं पाणी उकळत बसलेय." मावशींनी पाकिटाची सुरळी केली. "उद्या शनिवार. तुझ्या नवऱ्याकडं गळ आहे ना?"

"आहे. पण लायसन काढावं लागतं, मावशी."

"मग काढ की. कागदाचीच नोकरी आहे ना तुझी?"