दाजी, तेवढं स्टारचं बघा

वरवे बुद्रुकला हायवेच्या कडेला माझ्या मेव्हण्याचं हॉटेल आहे. हल्ली तिथं जेवताना होत नाही एवढा आग्रह जेवणानंतर होतो. जेवताना पोऱ्या एकदाच विचारतो, "भाकरी आणू?" हात धुऊन बडीशेप तोंडात टाकली की मात्र खुद्द मेव्हणा गल्ल्यावरून उठतो. "साहेब, तेवढा रिव्ह्यू टाकून जावा. पाच स्टार. मिनिटाचं काम आहे." साहेब मान डोलावतात, "टाकतो, टाकतो" म्हणतात, गाडीत बसतात आणि साताऱ्याच्या दिशेने नाहीसे होतात.

हॉटेलचं नाव सांगत नाही. सांगितलं तर हा लेखही रिव्ह्यूत जमा व्हायचा, आणि घरच्या माणसाने घरच्याच धंद्याला तारे देणं गुगलच्या नियमात बसत नाही. हे मेव्हण्याला सांगितलं तेव्हा तो दुखावला. "परक्यांवर पानंच्या पानं लिहिता दाजी, आणि घरच्या पिठल्याला दोन ओळी जड झाल्या होय?" बायकोने यात मत दिलं नाही. फक्त त्या रात्री तिने घरी पिठलं केलं नाही.

पूर्वी हायवेवरच्या हॉटेलाची परीक्षा सोपी होती. दारात किती ट्रक उभे आहेत ते बघायचं. ट्रकवाला रोजचा गडी, तो चुकीच्या ठिकाणी दुसऱ्यांदा जेवत नाही. एसटीचा अधिकृत थांबा मात्र या हिशेबात कुणी धरत नसे, कारण तिथं प्रवासी स्वतःच्या भुकेने नव्हे, ड्रायव्हरच्या मर्जीने उतरतो. आता ट्रक कुणी मोजत नाही. पुण्याहून निघालेला माणूस खेड शिवापूरचा टोलनाका येईपर्यंत मोबाइलवर तारे मोजून ठेवतो आणि नसरापूर फाट्याच्या आत कुठं थांबायचं ते गाडीतच ठरतं.

तशी तारे वाटायची चाल रस्त्यावरच्या धंद्यातूनच निघाली. मिशेलिन ही फ्रान्समधली टायरची कंपनी. लोकांनी मोटारी जास्त फिरवाव्यात, म्हणजे टायर झिजतील, म्हणून तिने १९०० साली प्रवाशांसाठी माहितीपुस्तिका काढली आणि १९२६ पासून चांगल्या खानावळींना तारे द्यायला सुरुवात केली. आज त्या ताऱ्यांसाठी जगातले मोठमोठे आचारी झुरतात. हे ऐकल्यापासून मेव्हणा शेजारच्या पंक्चरवाल्याशी फार अदबीने बोलतो.

अडचण अशी की आपला माणूस तोंडाने कौतुक करतो, लिहून मागितलं की सावध होतो. लिहून देणं म्हणजे त्याला सातबाऱ्यावर सही केल्यासारखं वाटतं. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या माझ्या सासूबाईंना तर हा प्रकारच कळत नाही. "जावईबापू, माणूस ढेकर देऊन उठला. आता त्यावर आणखी काय लिहून घ्यायचं?" मुद्दा बिनतोड आहे, पण ढेकर अपलोड होत नाही.

त्यातून जे लिहितात ते हात राखून लिहितात. गावातले एक निवृत्त गुरुजी रोज सकाळी चहाला येतात. मेव्हण्याने फार गळ घातल्यावर त्यांनी लिहिलं, "हॉटेलास भेट दिली. स्वच्छता समाधानकारक. चहाचे तापमान योग्य. कर्मचारी हजर होते." जन्मभर शेरेबुकं वाचलेला माणूस, दुसरं काय लिहिणार! तारे दिले तीन. मेव्हणा रडकुंडीला आला. गुरुजी शांतपणे म्हणाले, "अरे, पैकीच्या पैकी दिले की पोरं बिघडतात."

रविवारी राजगड-तोरणा करून परतणारी मंडळी येतात, ती खरी लिहिणारी. त्यांच्यात बरेच जण गुगलचे 'लोकल गाइड'. ही योजना २०१५ पासूनची. एका रिव्ह्यूला दहा गुण, दोनशेहून जास्त अक्षरं लिहिली तर आणखी दहा, फोटोला पाच, आणि एक लाख गुण झाले की दहावी, म्हणजे शेवटची पातळी. या गुणांचे पैसे होत नाहीत, पण दहावीचे गुण म्हटल्यावर मराठी माणूस मागे हटत नाही. भाकरी आली की ते आधी वरून फोटो काढतात, मग बाजूने, मग ठेच्यासकट, मग हातात धरून. त्यानंतर खातात. नंतर लिहितात, "चव उत्तम, परंतु भाकरी गार होती."

एक तारा देणाऱ्यांची जात वेगळी. एकाने लिहिलं, "टोल फार आहे." एकाने लिहिलं, "पाऊस होता." एक जण वरवे खुर्दला जाऊन आला, तिथं हॉटेल सापडलं नाही, म्हणून बुद्रुकच्या हॉटेलला एक तारा. पण मेव्हण्याच्या जिवाला लागला तो पुढचा: "भात चिकट. दर्जा सुधारा."

आता हा भात इंद्रायणी. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून तो तयार केला आणि १९८७ मध्ये शेतकऱ्यांना दिला. मऊ आणि चिकट असणं हा त्याचा धर्म. भोर-वेल्ह्याच्या माणसाला मोकळा भात वाढला तर तो विचारेल, शिजायचा राहिला का? मेव्हण्याने रागाने उत्तर टाइप केलं होतं, "तुम्ही घरी बासमतीच खा." मी ते पाठवण्याआधी खोडलं आणि लिहिलं, "नमस्कार. हा आमच्या भागातला इंद्रायणी. तो असाच मऊ असतो. मोकळा भात हवा असल्यास आधी सांगावे, वेगळा लावून देऊ." पुढच्या आठवड्यात पुण्याचं एक जोडपं आलं आणि गल्ल्यावर विचारू लागलं, "तो चिकट भात आहे ना?" एका ताऱ्याच्या रिव्ह्यूने हॉटेलला गिऱ्हाईक दिलं. पाच ताऱ्यांच्या "नाइस फूड"ने अजून कुणाला दिलेलं नाही.

गल्ल्यावर दोन स्कॅनर आहेत, एक पैशांचा, एक ताऱ्यांचा. गर्दीच्या वेळी लोक नको तो स्कॅन करतात. एक आजोबा पाच तारे देऊन निघाले होते. पोऱ्याने अडवलं तर म्हणाले, "पाच दिले की!" पैसे आले की पैशांच्या स्कॅनरचा डबा ओरडतो, तारे आले तर ओरडत नाही, अशी मेव्हण्याची तक्रार आहे. तशी सोय झाली तर तो जास्तीचं भाडं भरायला तयार आहे.

मध्यंतरी त्याने योजना काढली: पाच तारे दाखवा, ताक फुकट. मी म्हटलं, हे चालत नाही. बक्षीस देऊन रिव्ह्यू घ्यायला गुगलची बंदी आहे. "मग बडीशेप फुकट देतो ती लाच का?" बडीशेप सगळ्यांना मिळते, ताक फक्त स्तुतिपाठकांना, हा फरक समजवेपर्यंत ताक संपलं. त्याहून मोठा धक्का पाटीचा. 'आवडलं तर इतरांना सांगा, नाही आवडलं तर आम्हाला सांगा' ही पाटी कित्येक हॉटेलांत आहे, आमच्याकडेही आहे. पण फक्त खुशीतल्या गिऱ्हाइकाला निवडून त्याच्याकडून रिव्ह्यू मागणंही नियमाबाहेर. म्हणजे एवढी सभ्य पाटी, तीही नव्या जमान्यात गुन्हेगार ठरली. सरकारनेही लक्ष घातलंय. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी 'आयएस १९०००:२०२२' हे मानक आणलं. खोटे आणि विकत घेतलेले रिव्ह्यू छापू नयेत, असा त्याचा अर्थ. मेव्हणा मूळचा बांधकामातला माणूस. त्याने विचारलं, "आयएस? म्हणजे सिमेंटला असतं तसं?" तसंच. फरक एवढाच, की हे पाळणं ऐच्छिक आहे.

रिव्ह्यू विकत मिळतात, हे खरं. ओळखीतल्या एका हॉटेलवाल्याने फोनवरून घाऊक रिव्ह्यू घेतले. दोन दिवसांत परप्रांतातल्या लोकांनी त्याच्या स्विमिंग पूलची मनसोक्त स्तुती केली. त्याच्याकडे मिसळ आणि पावभाजी मिळते. दुसऱ्या टोकाला घरबसल्या रिव्ह्यू टाकून पैसे कमवा, या मेसेजला भुललेली माणसं आहेत. सुरुवातीला खरोखर शे-दीडशे रुपये खात्यात येतात, मग 'टास्क'साठी पैसे भरायला सांगतात, आणि लाखो रुपये गेल्यावर मंडळी सायबर पोलिसांकडे धावतात. पुण्यात अशा तक्रारींची कमी नाही.

खोट्या ताऱ्यांची कमाल लंडनमध्ये झाली. उबा बटलर नावाच्या लेखकाने २०१७ मध्ये घरामागच्या शेडलाच हॉटेल म्हणून ट्रिपअॅडव्हायझरवर नोंदवलं, दाढीच्या फेसाचे आणि भांडी धुण्याच्या गोळ्यांचे पदार्थांसारखे फोटो लावले, मित्रांकडून रिव्ह्यू लिहून घेतले. हे नसलेलं हॉटेल लंडनात पहिल्या क्रमांकावर गेलं. सासूबाईंनी विचारलं, "मग लोकांनी साबण खाल्ला?" म्हटलं, नाही, फोन केला की जागा नाही म्हणायचा. त्या म्हणाल्या, "हे बरं आहे. आचारी नको, सरपण नको."

त्याच्या उलट कॅलिफोर्नियातल्या रिचमंडमध्ये बॉट्टो बिस्ट्रोच्या मालकांनी २०१४ मध्ये जाहीर केलं, की येल्प या रिव्ह्यूंच्या साइटवर आम्हाला एकच तारा द्या आणि पिझ्झ्यावर २५ टक्के सवलत घ्या. लोकांनी उत्साहाने शिव्या लिहिल्या आणि हॉटेल जगभर गाजलं. ही गोष्ट मेव्हण्याला मी अजून सांगितलेली नाही. तो करून बसेल.

सध्या ठरलंय ते असं: पाच स्टार मागायचे नाहीत, कुणाला निवडून मागायचे नाहीत, बिल देताना सगळ्यांना एकच विचारायचं, "काय खाल्लं, कसं वाटलं, एवढं लिहाल का?" याने तारे थोडे घटले, पण ओळी वाढल्या. आता वांग्याचं कुणी लिहितं, संडासच्या कडीचं कुणी लिहितं. कडी बसवली.

तेव्हा तुम्हीही या रस्त्याने गेलात आणि कुठंही जेवलात, तर गाडी सुरू करण्याआधी दोन ओळी लिहा. मीठ जास्त होतं तर तसं लिहा, वाढणाऱ्या पोराने न मागता पाणी आणून दिलं तर तेही लिहा. पाचच तारे द्या, असं काही नाही. फक्त टोलचा राग पिठल्यावर काढू नका. टोलनाक्याला नकाशावर वेगळे तारे देता येतात.