निवांत या

"रविवारी या की! काही विशेष नाही. नुसता सुसला अन् चहा. एकदम निवांत."

भालकीहून अण्णांचा असा फोन आला की मी चपापतो. सीमाभागातल्या प्रत्येक गावात असे एक अण्णा असतात. शिकले मराठी शाळेत, नोकरी केली कन्नडात आणि रागावले की थेट दखनीत. बेंगळुरूच्या सुनेकडून त्यांनी 'ब्रंच' हा शब्द उचललाय. आमच्या आज्या त्याला न्याहारी म्हणायच्या. औतावरच्या गड्याला भाकर पोचायची ती दहा-अकरालाच. पण न्याहारीला या म्हटलं तर माणसं खरंच दहाला येतील, अशी अण्णांना भीती.

निवांतपणाची तयारी गुरुवारपासून चालते. वहिनी शेंगा भाजून चटणी कुटतात. 'नुसता सुसला' म्हणजे किती पातेली, हे त्यांना लग्नानंतर लवकरच कळलं.

सुसला म्हणजे चुरमुरे भिजवून, पिळून, फोडणीत परतायचे आणि वाफ आहे तोवर मिरची भज्यांबरोबर खायचे. पण सगळे जमल्याशिवाय अण्णा ताटली मांडू देत नाहीत, आणि सगळे कधीच जमत नाहीत. उदगीरचा मित्र रेल्वेने येतो. कलबुर्गीचा, ज्याला आम्ही २०१४ नंतरही गुलबर्गेवालाच म्हणतो, तुरीच्या डाळीची पिशवी घेऊन बाराला उगवतो. तोवर सुसल्याचा गोळा होतो.

"सुशीला गार झाली," उदगीरवाला म्हणतो. त्यांच्याकडे ह्याच पदार्थाला सुशीला म्हणतात. शेजारच्या आजी दरवेळी डोकावून बघतात, कोण बाई आली म्हणून.

झालं, इथून १९५६ सुरू होतं. त्या साली उदगीर, निलंगा, अहमदपूर बीदर जिल्ह्यातून निघून मुंबई राज्यात गेले, भालकी म्हैसूर राज्यात राहिली. उदगीरवाला म्हणतो, तुम्ही मागं राहिलात. अण्णा म्हणतात, तुम्ही सोडून गेलात. निवाडा कुणालाच नको असतो. वाद मिटला तर पुढच्या रविवारी बोलायचं काय?

ह्या वादातही अण्णा बसत नाहीत. एक वाक्य बोलतात, आत जातात, पुंडीपल्ल्या, म्हणजे अंबाडीची भाजी, घेऊन येतात, दुसरं वाक्य बोलतात, भाकरीला जातात. मुद्दा अर्धा ओसरीवर, अर्धा चुलीपाशी. "बसा ना ओ अण्णा," म्हटलं तर दचकतात, जणू आपण त्यांना घराबाहेर काढतोय. शेंगापोळीवर तूप वाढताना "पोट भरलं" म्हणणाऱ्याच्या पानात ते दोन पोळ्या टाकतात. नाही म्हणणाऱ्यावर त्यांचा विश्वासच नाही. "नक्को" हा शब्द त्यांच्या घरी फक्त भाजीवाल्याला ऐकू येतो.

अडीचला आम्ही सतरंजीवर आडवे झालो. अण्णा चहा ठेवायला गेले, मग पान आणायला, मग उदगीरवाल्याला स्टेशनवर सोडायला.

ते स्वतः जेवले पावणेचारला, ओट्याशी उभं राहून, गार सुसला.