जिथे पनीर, तिथे फंड

बदलापुरात माणूस निवृत्त झाल्याची बातमी सर्वांत आधी घरच्यांना कळते, हा एक भाबडा समज आहे. ती आधी बँकेतल्या रिलेशनशिप मॅनेजरला कळते. पीएफ आणि ग्रॅच्युइटी खात्यात जमा झाल्याचा एसएमएस आपण चष्मा शोधून वाचेपर्यंत त्याचा फोन आलेला असतो. ज्या शाखेत पासबुक भरायला गेल्यावर ‘मशीन बंद आहे, उद्या या’ एवढंच ऐकू यायचं, तिथूनच आवाज येतो, ‘सर, तुम्ही कशाला त्रास घेता? मीच घरी येतो.’

एवढं अगत्य आपल्या लग्नातही कुणी दाखवलेलं नसतं. त्यामुळे निवृत्तांच्या अर्थशास्त्राचा एकमेव नियम इथेच सांगून टाकतो: गुंतवणूक जितकी सुरक्षित, तितकं तिथलं स्वागत थंड, आणि पाहुणचार जितका जंगी, तितक्या झपाट्याने फंडाचं वजन उतरतं.

पुरावा हवा असेल तर पुढच्याच आठवड्यात निमंत्रण येतं. ‘निवृत्तांसाठी विनामूल्य मार्गदर्शन. सपत्नीक यावे. अल्पोपाहाराची सोय आहे.’ कात्रपच्या बाजूला एसी हॉल. दारात गुलाबाचं फूल, मग कोकम सरबत, मग छातीवर नावाचा बिल्ला. खुर्च्यांना पांढरे अभ्रे. पडद्यावर पांढऱ्या केसांचं एक जोडपं समुद्रकिनारी हसत हसत पळतंय. बदलापुरातल्या साठीच्या माणसाला पळताना मी फक्त ऐनवेळी प्लॅटफॉर्म बदलल्याची घोषणा झाल्यावर पाहिलंय, आणि तेव्हा तो हसत नव्हता.

मग निवृत्तीला अजून पस्तीस वर्षं असलेला एक टायवाला तरुण निवृत्तीवर बोलू लागतो. ‘सर, फक्त दहा वर्षं, दरवर्षी एक लाख. विसाव्या वर्षाच्या शेवटी हातात वीस लाख. गॅरंटीड! पैसे डबल!’ टाळ्या पडतात. त्याच मुहूर्तावर वेटर पनीर टिक्का घेऊन फिरतो, आणि टूथपिक टोचताना कुणाला चक्रवाढ व्याज आठवत नाही. घरी येऊन नातवाच्या कॅल्क्युलेटरवर हिशेब केला तर हा दामदुप्पट व्यवहार वर्षाला साधारण साडेचार टक्क्यांवर येऊन बसतो. शिवाय साठीला सुरुवात केली तर वीस लाख हातात पडणार ऐंशीव्या वर्षी. म्हणजे समुद्रकिनारी पळायचं ते तेव्हा. आणि पगार बंद झालेल्या माणसाने दरवर्षी लाखाचा हप्ता कुठून भरायचा, याची स्लाईड नसते.

आता पोस्टात चला. तिथे ज्येष्ठ नागरिक बचत योजना नावाची एक गोष्ट मिळते. व्याज एप्रिल २०२३ मध्ये ८.२ टक्के झालं, कमाल मर्यादा त्याच वेळी १५ लाखांवरून ३० लाख झाली. ३० लाख ठेवले तर दर तीन महिन्यांनी ६१,५०० रुपये, म्हणजे महिन्याला साडेवीस हजार. पैसे ठेवताना जो दर असेल तो पाचही वर्षं तोच, आणि मागे भारत सरकार उभं. बसायला मात्र काही नाही, आपणही उभेच. दोरीला बांधलेलं पेन, वाळलेल्या गोंदाची वाटी आणि खिडकीपलीकडून, ‘आजोबा, सर्व्हर डाऊन आहे.’ अठ्ठावन्नाव्या वर्षी ‘आजोबा’ ऐकलेला माणूस दुसऱ्या दिवशी परत जातो. तेव्हा कळतं, आधारच्या झेरॉक्सवर सही राहिली. तिसऱ्या दिवशी तो एसी हॉलमध्ये जातो. तिथे त्याला ‘सर’ म्हणतात.

यात गंमत अशी की पंचावन्न ते साठच्या दरम्यान निवृत्त झालेल्याला ही योजना घ्यायची असेल, तर निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत घ्यावी लागते. आणि नेमके तेच तीन महिने मार्गदर्शनाच्या हंगामाचे असतात. फोन, भेटी, हॉल, पुन्हा फोन. माणूस मार्गदर्शन घेत राहतो, मुदत निघून जाते.

तसं पाहिलं तर हीच योजना बँकेतही मिळते. रिलेशनशिप मॅनेजरला विचारून बघा. तो गंभीर होऊन म्हणतो, ‘सर, आहे ना. पण त्यात लिक्विडिटी नाही.’ पाच वर्षं पैसे अडकतात म्हणून तो हळहळतो आणि वीस वर्षांच्या पॉलिसीचा फॉर्म पुढे सरकवतो. वास्तविक या योजनेत वर्ष उलटल्यावर एक-दीड टक्का कापून पैसे परत मिळतात. त्याच्या हळहळीचं कारण वेगळं आहे. डिसेंबर २०११ पासून सरकारने या योजनेवरचं एजंटांचं कमिशन बंद केलं. त्या दिवसापासून तिच्यासाठी कुणी सरबत वाटलेलं नाही.

पनीर पचत नसेल त्यांच्यासाठी पतसंस्था आहे. तिथे अध्यक्ष स्वतः खुर्चीतून उठतात, चहा येतो, निघताना कॅलेंडर आणि स्टीलचा डबा मिळतो. ज्येष्ठांना अर्धा टक्का जादा. बँकेतल्या ठेवीला फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तो विमा नाही. पण हे विचारायला तोंड मोकळं राहू नये म्हणून चहासोबत बिस्किटं असतात.

आणि पतसंस्थेवरही विश्वास नसेल त्याच्यासाठी फ्लॅट. आपला माणूस गिरगाव-लालबागहून डोंबिवलीला, डोंबिवलीहून बदलापूरला सरकत आलेला. निवृत्तीच्या पैशाने तो आणखी पुढे, वांगणी-नेरळकडे सरकतो. बिल्डर साइट दाखवायला एसी गाडी पाठवतो, म्हणजे आपला नियम इथेही लागू. समजा, ३५ लाखांचा वन बीएचके घेतला आणि भाडं आलं आठ हजार. त्यातून दोन हजार मेंटेनन्स गेला की उरतात सहा. वर्षाचे ७२ हजार, म्हणजे जेमतेम दोन टक्के. तेही भाडेकरू टिकला तर. ब्रोशरवर ‘रिव्हर व्ह्यू’ असतं. २६ जुलै २००५ ला उल्हास नदीने स्वतः येऊन व्ह्यू दाखवला. २०१९ च्या जुलैत ती पुन्हा आली, तेव्हा बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात उभी राहिली. तरीही ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर वाक्य एकच: ‘जागेला मरण नाही.’ खरंय. मरण माणसाला आहे, आणि औषधाच्या बिलापोटी दुकानदार बाथरूमची एक टाइल कापून घेत नाही.

बिलावरून आठवलं. खासगी नोकरीतल्या आपल्यासारख्यांची पीएफवाली पेन्शन बहुतेकदा चार आकडीच असते. किमान पेन्शन २०१४ साली हजार रुपये ठरली. कंपनीचा आरोग्य विमा बहुतेक ठिकाणी नोकरीसोबतच संपतो, म्हणजे अठ्ठावन्नाव्या वर्षी. आयुष्मानचं पाच लाखांचं कवच २०२४ पासून उत्पन्न न बघता सगळ्यांना मिळतं, पण सत्तराव्या वर्षी. मधल्या बारा वर्षांसाठी बदलापूरकराचं नियोजन ठरलेलं आहे: आजारी पडायचं नाही. स्वतःचा विमा नोकरीत असतानाच काढून ठेवा, असं एजंट सांगत होता तेव्हा आपण लोकलच्या दारात लोंबकळून ठाणे गाठत होतो. तो एजंट खरं बोलत होता, हे नंतर लक्षात येतं. पण त्याच्याआधी दहा जणांनी खोटं सांगितलेलं असतं, त्यामुळे अकराव्याचं कोण ऐकणार?

तेव्हा आता अर्थ मंत्रालयाला एक नम्र सूचना. ज्येष्ठ नागरिक बचत योजना लोकांपर्यंत पोहोचत नाही, कारण ती फार चांगली आहे. तिचं नाव बदला. त्यात ‘प्लॅटिनम’ आणि ‘सनराइज’ हे दोन शब्द आलेच पाहिजेत. व्याज ८.२ वरून पाच टक्क्यांवर आणा, मुदत पाचाची वीस वर्षं करा. वाचलेल्या ३.२ टक्क्यांत एसी हॉल, गुलाब, टायवाला तरुण आणि पनीर टिक्का आरामात बसतो. मधुमेहींसाठी साखर नसलेली बासुंदीही बसेल. खिडकीवरच्या माणसाला फक्त ‘सर’ म्हणायला शिकवा.

मग बघा, कुळगाव-बदलापूरचे तमाम निवृत्त सपत्नीक फॉर्म भरतील. आणि घरी जाताना एकमेकांना सांगतील, ‘बघा, शेवटी सरकारनेही ज्येष्ठांसाठी काहीतरी चांगलं केलंच!’