मुक्काम पोस्ट डिक्की

नाचणगावात डोंगर नाही. शेजारच्या पुलगावात लष्कराचं दारूगोळ्याचं भांडार आहे, मुंबई-हावडा रेल्वे आहे, वर्धा नदी आहे. पण डोंगर तिथेही नाही. त्यामुळे इथल्या ज्या पोट्ट्याच्या मनात ‘पहाडात जायचं, एकट्यानं, अन् गाडीतच राहायचं’ हे भरतं, त्याला आधी दीड हजारावर किलोमीटर सपाटी तुडवावी लागते. मनालीचा चढ लागेपर्यंत त्याच्या वैराग्याचा फास्टॅग दोनदा रिचार्ज झालेला असतो.

अर्थात सगळ्यात अवघड घाट गावातच आहे. एकट्यानं निघायचं, हे कुणाला सांगायचं कसं?

‘‘कुठी चालला बे?’’

‘‘पहाडात.’’

‘‘कोन कोन?’’

‘‘एकटाच.’’

‘‘काउन? घरी काही झालं का?’’

पाच जणांच्या गाडीत एक माणूस म्हणजे आमच्याकडे चार सीटा वाया. लगेच सेवाग्रामच्या दवाखान्यात जायची काकू निघते, बुटीबोरीच्या कंपनीत दुपारची पाळी असलेला भाचा निघतो, आणि ‘नागपूरपर्यंतच तर आहे’ म्हणून एक तांदळाचं कट्टं निघतं. नागपूर येईस्तोवर सोलो ट्रिपची काळीपिवळी झालेली असते.

आणि निघणारी बाई असेल तर विचारूच नका. भारुलता पटेल-कांबळे इंग्लंडमधल्या ल्युटनहून एकट्या गाडी चालवत ३२ देश ओलांडून भारतात आल्या, त्याला आता बरीच वर्षं झाली. आमच्या ओट्यावर आजही त्यांना रस्ता कसा होता, हे कुणी विचारणार नाही. ‘घरचे काही म्हणाले नाहीत?’ हाच पहिला प्रश्न, आणि शेवटचाही.

बरं, हा पठ्ठ्या नेतो काय काय? मागची सीट पाडून त्यावर गादी. गादीखाली कप्पे. कप्प्यात शेगडी, सिलिंडर, कुकर, आईनं दिलेलं तिखट आणि सांडग्यांचा डबा. टपावर सोलर पॅनल, दाराशी छोटा फ्रिज, खिडक्यांना मापाचे पडदे. घर सोडलं म्हणतो आणि राहिली असेल तर तुळस तेवढी राहिली.

मग पहाड येतो. म्हणजे आधी पहाडाची रांग येते. मनालीच्या वर रोहतांग खिंडीत दिवसाला बाराशे गाड्याच सोडायच्या, आठशे पेट्रोलच्या आणि चारशे डिझेलच्या, असा हरित लवादाचा दंडक आहे. एकांतालाही परवाना लागतो आणि तोही इंधनाच्या जातीप्रमाणे. २०२० साली अटल बोगदा आला आणि त्या कटकटीतून सुटका झाली. २०२३ च्या नाताळात एका दिवसात त्यातून २८ हजारांवर गाड्या गेल्या. त्याच दिवसांत पुढे लाहौलमध्ये एका थारवाल्याला हा सगळा एकांत सोसवेना, त्यानं रांग सोडून गाडी थेट चंद्रा नदीच्या पात्रात घातली. पोलिसांनी चलान फाडलं. हिमालयात जाऊन माणूस अंतर्मुख होतो म्हणतात. हा नदीमुख झाला.

पण माझं भांडण त्या पोट्ट्याशी नाही. हौसेला मोल नाही, आणि हप्ते त्याचे तोच भरतो. माझं भांडण कौतुकाशी आहे. गाडीत झोपला की व्वा, रस्त्यावर राहिला की काय हिंमत! अरे, पुलगावच्या बाहेर एखाद्या ढाब्यावर रात्री अकराला जाऊन बघा. ट्रकच्या केबिनमध्ये ड्रायव्हर आडवा, क्लीनर टपावर, आणि चाकाशेजारी स्टोव्हवर डाळ शिजतेय. ही माणसं महिनोन्‌महिने गाडीतच राहतात. त्यांच्या केबिनमध्ये एसी असावा, असं सरकारला वाटून तो सक्तीचा झाला तो १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकांना. म्हणजे आधीच्या लाखो केबिनी भट्टीच राहणार, आणि वर्ध्याचा मे महिना काय चीज आहे ते मी वर्धेकरांना सांगायला नको. हौशी लोकांचं मात्र बरं आहे. महाराष्ट्रानं २०२१ सालीच कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणलं. गाडी लावायला पार्क, तिथे पाणी, वीज, संडास, सगळं कागदावर अगदी लख्ख. चाकावर मजेनं राहणाऱ्याला धोरण आणि पोटासाठी राहणाऱ्याला ढाब्यामागचं शेत.

पोटासाठी वाटेवर राहणारे आणखीही आहेत. ते बघायला आता नदी ओलांडू. पुलगावचा पूल पार केला की अमरावती जिल्हा. पुढे धामणगाव रेल्वे तालुक्यात तळेगाव दशासर. जानेवारी २०२२ मध्ये तिथल्या पोलिसांनी ५८ उंट पकडले. उंटांसोबत कच्छचे रबारी होते, पायी. हे लोक पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं घेऊन विदर्भात फिरतात. पीक निघालं की शेतात मेंढरं बसवतात, लेंडीखत मिळतं म्हणून शेतकरीच त्यांना बोलावतो. संसार उंटाच्या पाठीवर: खाट, भांडी, कोकरू, कधी कधी लेकरूही. वर्ध्याकडच्या आपल्या गणगोतासाठी हे उंट चालवत नेतोय, असं ते सांगत होते. तक्रार करणाऱ्याचं म्हणणं, कत्तलीसाठी हैदराबादला चाललेत. झालं. माणसांना अटक, उंट अमरावतीच्या गोरक्षणात. पुढे न्यायालयानं आदेश दिला तेव्हा कुठे उंट मालकांना मिळाले.

हे तळेगाव दशासर म्हणजे शंकरपटाचं, बैलांच्या शर्यतीचं, नावाजलेलं गाव, हे आपलं जाता जाता. उंट पकडले त्याच्या काहीच आठवडे आधी, १६ डिसेंबर २०२१ ला, सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यतींना पुन्हा परवानगी दिली होती. बैल पळवायला मोकळीक, उंट चालवायला कोठडी.

आता तोच कच्छ ते वर्धा प्रवास कुणी गाडीतून करून बघा. पाठीवर खाट नको, टपावर तंबू हवा. शेजारी कोकरू नको, लॅब्रॅडॉर हवा. वाटेत गावोगाव लोक फोटो काढतील, सरपंच शाल देईल, आणि तळेगावचा पोलीसदादाही चहा पाजेल. दोघंही घर घेऊनच फिरतात. फरक इतकाच, की एकाचं दुसरं घर पुण्यात आहे आणि भाडंही येतं.

सामानावरून आठवलं. पवनार नाचणगावपासून काही लांब नाही. तिथून विनोबा मार्च १९५१ मध्ये हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला संमेलनासाठी निघाले. वय पंचावन्न, वाहन नाही. संमेलनानंतर पोचमपल्लीला भूदान सुरू झालं, आणि मग तेरा वर्षं हा माणूस देशभर पायीच फिरत राहिला. पुढे १९६२ साली सतीशकुमार आणि ई. पी. मेनन हे दोन तरुण अण्वस्त्रांविरुद्ध दिल्लीहून मॉस्को, पॅरिस, लंडन, वॉशिंग्टन असे पायी निघाले, तेव्हा विनोबांनी त्यांना सल्ला दिला की पैसे नेऊ नका. बघा म्हणजे! आपण मुलाला ‘चार्जर घेतला का’ विचारतो. पण त्यातली मेख अशी, की खिसा रिकामा असला की रोज संध्याकाळी कुणाचं तरी दार वाजवावंच लागतं, आणि दार वाजवलं की बोलावंही लागतं. आमच्या पोट्ट्याकडे वीस लिटर पाणी, फ्रिज आणि चार दिवसांचा शिधा. स्पितीतल्या कुठल्या म्हातारीचं दार तो कशाला वाजवेल? फार तर तिच्या घराच्या वरून ड्रोन उडवेल.

म्हणून त्याला माझ्या दोनच सूचना. पहिली, आधी चिखलदऱ्याला जाऊन ये. दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, उंची हजार मीटरच्या वर आहे, कॉफीही तिथलीच मिळते. एकांत मिळणार नाही, कारण रविवारी अर्धी अमरावती तिथेच असते. पण घाटात गाडी मागे घसरते तेव्हा क्लच कसा धरायचा, एवढं तरी कळेल.

आणि दुसरी: रात्री रस्त्याकडेला झोपला असताना पोलिसानं काचेवर काठी वाजवली तर घाबरू नकोस. ‘ट्रॅव्हल व्लॉगर’ म्हण, मोबाइलचा कॅमेरा सुरू कर. सलाम ठोकून जाईल. मागच्या सीटवर चुकून मेंढरू तेवढं ठेवू नकोस.