बांधायला लागलेला वेळ: विचारू नका

'डूम' या जुन्या गोळीबाराच्या गेमचा मॉड, म्हणजे खेळणाऱ्यांनीच त्यात केलेला बदल, उतरवून घेतला की झिप फाइलमधून बहुधा दोन गोष्टी निघतात. एक खुद्द मॉड, आणि दुसरी साध्या मजकुराची छोटी फाइल. मी आधी दुसरी उघडतो. तिच्यात एक फॉर्म भरलेला असतो. नाव, कर्ता, वर्णन, कुणाचे आभार, कोणता एडिटर वापरला, बांधायला किती वेळ लागला, माहीत असलेले दोष कोणते. आणि सगळ्यात खाली, यातलं काही उचलून दुसऱ्यानं त्यावर पुढचं बांधकाम करावं की करू नये, याबद्दलची परवानगी किंवा नकार. डूमचे मॉड करणारी माणसं 1994 पासून हा फॉर्म भरत आली आहेत. तो कुठल्या सरकारनं मागितलेला नाही, तीन प्रतींत द्यायचा नाही, खाली गोल शिक्का नाही. तरी माणसं तो भरतात, आणि मनापासून भरतात.

यातला वेळेचा रकाना माझा विशेष लाडका. तिथं खरा आकडा क्वचितच सापडतो. 'फार' असं लिहिलेलं असतं, किंवा 'विचारू नका' अशा अर्थाचं काहीतरी. रात्री-अपरात्री, नोकरी किंवा परीक्षा सांभाळून, एकट्यानं केलेल्या कामाचे तास मोजायला बसलं तर आपलीच आपल्याला भीती वाटायची, त्यापेक्षा हे बरं. दोषांच्या रकान्यात 'माझ्या माहितीत तरी नाहीत' असं सावध उत्तर असतं. आणि हे सगळं कशासाठी, तर आपण कधीही न भेटलेल्या माणसानं आपल्या जुन्या कॉम्प्युटरवर बसून चार राक्षस मारावेत यासाठी. फुकट.

डूम आला 10 डिसेंबर 1993 ला. टेक्सासमधल्या आयडी सॉफ्टवेअर या मूठभर माणसांच्या कंपनीनं तो विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सर्व्हरवर चढवला आणि उतरवून घेणाऱ्यांच्या झुंबडीखाली तो सर्व्हर आडवा झाला. पहिल्या भागाच्या नऊ लेव्हल फुकट, पुढचे दोन भाग विकत. 386 चा प्रोसेसर आणि 4 एमबी मेमरी एवढ्यावर गेम चालायचा, 486 असला तर पळायचा. गोष्ट एका दमात सांगण्याजोगी: मंगळाच्या चंद्रावर नरकाचं दार उघडलंय आणि तुमच्या हातात बंदूक आहे. यापुढे कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

त्याच कंपनीचा आधीचा गेम वुल्फेनस्टाइन 3डी. लोकांनी तो उघडून आतली चित्रं परस्पर बदलली होती. कुणी तर शेवटच्या खलनायकाच्या जागी लहान मुलांच्या टीव्हीवरचा जांभळा बार्नी डायनासोर बसवला होता. दुसरी एखादी कंपनी वकिलाकडे गेली असती. जॉन कारमॅक हा त्यांचा मुख्य प्रोग्रामर खूश झाला. डूम लिहिताना त्यानं नकाशे, चित्रं, आवाज हे सगळं गेम चालवणाऱ्या प्रोग्रामपासून, म्हणजे इंजिनापासून, वेगळं काढून एका स्वतंत्र फाइलीत ठेवलं, आणि मूळ फाइलीला धक्का न लावता वरून तुमची फाइल चढवायची सोय केली. नकाशे काढायचं साधन मात्र कंपनीनं दिलं नव्हतं. ते लोकांनीच फाइलींची रचना उलगडून, 1994 च्या सुरुवातीलाच, तयार केलं आणि तेही फुकट वाटून टाकलं.

माणसाच्या हाती जग घडवायचं साधन आलं, तर त्यानं पहिल्यांदा काय घडवावं? स्वतःचं घर. सुरुवातीच्या काळातल्या कितीतरी लेव्हल म्हणजे कर्त्याचं घर, कॉलेज किंवा ऑफिस, आणि त्यात राक्षस. स्वयंपाकघरात दोन, जिन्यात एक. साहेबांच्या केबिनमध्ये सगळ्यात मोठा राक्षस उभा करायची कल्पना किती जणांना सुचली असेल, याला संशोधनाची गरज नाही.

पण त्याच 1994 मध्ये जस्टिन फिशर नावाच्या एका माणसानं जे केलं, ते या घरबांधणीच्या पलीकडचं होतं. त्यानं जेम्स कॅमेरॉनचा 'एलियन्स' हा चित्रपट घेऊन अख्ख्या डूमचा कायापालट केला. शत्रू नवे, बंदुका नव्या, आवाज नवे, जागा नव्या. डूमचं असं संपूर्ण रूपांतर त्याआधी कुणी केलेलं नव्हतं. आणि एवढा सगळा खटाटोप केल्यावर त्यानं पहिल्या लेव्हलमध्ये किती शत्रू ठेवले? एकही नाही.

हे नीट समजून घेण्यासारखं आहे. हा गोळीबाराचा गेम. खेळणारा ट्रिगरवर बोट ठेवूनच बसलेला असतो. तो ओसाड तळावर शिरतो, दार उघडतो, काही नाही. कोपऱ्यावरून वळतो, काही नाही. कुठूनतरी आवाज येतो, हा गर्रकन वळतो, पुन्हा काही नाही. दहा दारं उघडून झाल्यावर त्याला वाटायला लागतं, निदान एखादा तरी येऊ दे बाबा, म्हणजे सुटलो. लेव्हल संपते. बंदुकीतल्या गोळ्या तेवढ्याच आणि घामाघूम झालेला खेळाडू. पुढे चित्रपटातले ते प्राणी येतात, भरपूर येतात, पण तोवर भीतीचं काम अर्धंअधिक उरकलेलं असतं.

हेच कुठल्याही कंपनीच्या बैठकीत मांडून बघा. पहिल्या लेव्हलमध्ये शत्रूच नाहीत असं म्हटल्याबरोबर टेबलाच्या टोकाचा माणूस चष्मा काढून पुसायला लागेल. कुणीतरी 'ग्राहकाला काय वाटेल' म्हणेल, कुणी 'निदान दोन ठेवू' असा मध्यममार्ग सुचवेल आणि त्या दोनांनी सगळा खेळ मातीत जाईल. फिशरला बैठक घ्यायची नव्हती. एकट्यानं काम करण्यात हाल पुष्कळ असतात, पण 'निदान दोन ठेवू' म्हणणारं कुणी नसतं.

आता हे सगळं 386-486 सारख्या दुबळ्या यंत्रावर चालतं कसं? कारमॅकनं यासाठी एक जुनी युक्ती वापरली. 1980 मध्ये हेन्री फुक्स, झ्वी केडेम आणि ब्रूस नेलर यांनी मांडलेली. सगळा नकाशा रेषेनं दुभागायचा, मग प्रत्येक अर्ध पुन्हा दुभागायचं, असं करत करत त्याचं एक झाड तयार करून ठेवायचं. मग खेळताना काय पुढे आणि काय मागे, हे कॉम्प्युटरला दर क्षणी शोधत बसावं लागत नाही, झाडालाच विचारता येतं. गंमत अशी की हे झाड खेळताना तयार होत नाही, नकाशा बांधणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर आधीच तयार होतं. 486 च्या काळात एक भिंत वीतभर सरकवली की झाड पुन्हा करा आणि तोवर चहा ठेवा. खेळणाऱ्याचं गरीब यंत्र धापा टाकू नये म्हणून बांधणाऱ्यानं आपलं यंत्र धापा टाकत ठेवायचं, असा हा करार आहे.

या कराराची किंमतही आहे. डूमचा नकाशा म्हणजे वरून काढलेला सपाट आराखडा. प्रत्येक जागेला एकच जमीन आणि एकच छत, त्यामुळे खोलीच्या डोक्यावर खोली बांधता येत नाही. म्हणजे डूममध्ये वरच्या मजल्यावरून गळती नाही, आणि ऐन दुपारी डोक्यावर कुणी खलबत्ता कुटत नाही. राक्षस सोडले तर राहायला जागा उत्तम.

मूळ डूममध्ये मान वर-खाली करता येत नाही. माझा भाचा एकदा शेजारी बसून बघत होता. त्याच्याकडचे गेम शंभर-शंभर जीबीचे, त्याला हे सगळं पुराणवस्तूंच्या वर्गातलं.

"मामा, खाली काय आहे ते बघायचं असेल तर?"

"उतरायचं."

"आणि वर सज्जात कुणी असेल तर?"

"सरळ गोळी मारायची. ती आपण होऊन वर जाते."

हे त्याला पटलं नाही. पण ते खरं आहे, गेम उंचीचा नेम स्वतःच धरतो. त्याहून न पटणारी गोष्ट मी सांगितलीच नाही, ती म्हणजे डूममधले राक्षस अंगाला अंग भिडण्यापुरते अनंत उंचीचे असतात. खाली दरीत एक उभा असला तर वर कड्यावरून तुम्हाला पुढे पाऊल टाकता येत नाही, हवेतच अडता. आणि एकाची गोळी चुकून दुसऱ्या जातीच्या राक्षसाला लागली की ते दोघं तुम्हाला विसरून आपसात जुंपतात. डूममधलं निम्मं कौशल्य हे भांडण लावून कोपऱ्यात उभं राहण्याचं आहे, आणि ते कुणाला शिकवावं लागल्याचं ऐकिवात नाही.

23 डिसेंबर 1997 ला आयडीनं डूमच्या इंजिनाचा सगळा कोडच खुला केला. मग लोकांनी त्यात मान वर करायची सोय केली, नवे रंग-दिवे आणले. पण एक पंथ उलट्या दिशेला गेला. सायमन हॉवर्ड यांनी सुरू केलेला 'चॉकलेट डूम' आजच्या कॉम्प्युटरवर मूळ डूम जसाच्या तसा चालवतो, म्हणजे दोषांसकट. मूळ इंजिनाला जमिनी आणि छतांचे एका वेळी फक्त 128 तुकडे डोळ्यांपुढे मांडता येत. त्याच्या वर एक जरी झाला तरी गेम 'आता जागा नाही' अशा अर्थाचा निरोप ठेवून बंद पडे. चॉकलेट डूमही तिथंच, इमानेइतबारे, बंद पडतो. आजही काही नकाशेवाले ही मर्यादा हट्टानं पाळतात. म्हणजे या क्षणी जगात कुठंतरी एक माणूस एका सुंदर जिन्याची एक पायरी कमी करतोय. का, तर सगळ्या पायऱ्या एकदम दिसल्या तर कुणाच्या तरी माळ्यावरच्या 486 चा जीव जाईल. तो 486 बहुधा भंगारात गेलेला आहे. पायरी तरीही जाते.

या वेडातून खुद्द घरचे लोकही सुटले नाहीत. जॉन रोमेरो हा आयडीच्या संस्थापकांपैकी एक. डूमच्या पहिल्या भागातल्या बहुतेक लेव्हल त्याच्याच. 1996 मध्ये तो कंपनीतून बाहेर पडला, नंतर आयर्लंडमध्ये गॉलवेला जाऊन राहिला, स्वतःची कंपनी काढली. डूमची पंचविशी जवळ आली तसा तो पुन्हा डूमचे नकाशे काढत बसला. 31 मे 2019 ला त्यानं 'सिजिल' नावाचा नऊ लेव्हलचा नवा भाग फुकट सोडून दिला. नकाशे सगळे एकट्याचे, आणि अवघड. पहिल्या लेव्हललाच मला लाव्हाच्या काठाकाठानं चालवत नेऊन त्यानं तीस वर्षांतला माझा सगळा आत्मविश्वास काढून घेतला. 10 डिसेंबर 2023 ला, डूमच्या बरोबर तिसाव्या वाढदिवशी, 'सिजिल 2' आला.

भाच्यानं यावर अगदी व्यवहारी प्रश्न विचारला, "मग पैसे कुणाला मिळतात?"

उत्तर मजेशीर आहे. सिजिल फुकट, पण तो चालवायला मूळ डूम विकत घेतलेला असावा लागतो. मूळ डूम आता रोमेरोचा नाही. आयडी 2009 मध्ये झेनिमॅक्सनं घेतली आणि झेनिमॅक्स 2021 मध्ये मायक्रोसॉफ्टनं. म्हणजे डूमच्या निर्मात्यानं रात्री जागून डूमसाठी फुकट काम करायचं आणि गल्ल्यावर मायक्रोसॉफ्ट. 1995 मध्ये विंडोज 95 वर गेम छान चालतात हे पटवण्यासाठी बिल गेट्स लांब कोट घालून, बंदूक घेऊन डूमच्या आत उभे असलेला एक व्हिडिओ निघाला होता. तेव्हा ते नुसते पाहुणे होते.

ज्याला गल्ल्यावर जायचंच नाही त्याच्यासाठी 'फ्रीडूम' आहे. स्वयंसेवकांनी एकेक चित्र, एकेक आवाज नव्यानं करून मूळ फाइलीला काढलेला फुकट पर्याय. त्यावर पुष्कळसे मॉड चालतात. पण राक्षस आपल्या ओळखीचे नसतात, आणि या वयात नवे राक्षस लक्षात ठेवणं मला जमत नाही. मूळच हवा असेल तर स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात सेल लागेपर्यंत थांबावं. तिथं तो अधूनमधून चहा-भज्यांच्या भावात निघतो. तीस वर्षांपूर्वीचा गेम आहे, आणखी पंधरा दिवसांत शिळा होत नाही.